फौजदारी दप्तरातले नाशिक

मराठी वाचकाला गुन्ह्याच्या गोष्टीची गोडी आजची नव्हे. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांवर रहस्यकथा ज्या काळात वाचनालयांतून हातोहात फिरत होत्या, त्या काळात वाढलेल्या माणसाच्या मनात गुन्हा म्हणजे एक सुबक गाठ आणि शोधक म्हणजे ती गाठ शेवटच्या पानावर अलगद सोडवणारा चतुर पुरुष, असे जे चित्र एकदा ठसले ते सहसा पुसत नाही. खऱ्या गुन्ह्याचे कागद हाती आले की मात्र हे चित्र विस्कटते. कारण तेथे गाठ ओबडधोबड असते, सोडवणारा पुष्कळदा थकलेला असतो, आणि शेवटचे पान तर कित्येकदा फायलीला लागलेलेच नसते. नाशिकच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांतील काही प्रकरणे पुन्हा चाळताना मला गुन्हेगारापेक्षा त्याला गुन्हेगार म्हणून नोंदवणाऱ्या दप्तराचेच नवल अधिक वाटत गेले. म्हणून या आढाव्यात सुऱ्या-पिस्तुलांपेक्षा कागदाचा उल्लेख अधिक येईल, याची वाचकाने आधीच तयारी ठेवावी.

आपली फौजदारी भाषाच मुळी दप्तराची भाषा आहे. फिर्याद, जबानी, मुद्देमाल, जामीन, हवालदार, फौजदार हे सारे शब्द फारसी-अरबी अमदानीतून आले आणि मराठीत असे मुरले, की रामकुंडावर स्नानास आलेला वैदिक ब्राह्मणही पाकीट मारले गेल्यावर संस्कृतात नव्हे, फारसीतच तक्रार गुदरतो. ‘गुन्हेगारी’ या शब्दाची कथा तर विशेष मौजेची आहे. आज आपण तो गुन्हे करण्याच्या वृत्तीला लावतो; पेशवाईच्या कागदांत मात्र ‘गुन्हेगारी’ म्हणजे गुन्हेगाराकडून वसूल केलेला दंड. जमेच्या बाजूला लिहिली जाणारी ती एक रक्कम होती. सरकारी उत्पन्नाची ही बाब पुढे माणसाचा स्वभाव कशी झाली, यात एका शतकाचा इतिहास सामावलेला आहे.

त्या इतिहासाचे नाशिक जिल्ह्यातील पहिले ठळक पान सिन्नर तालुक्यातील नांदूर शिंगोटे येथे उघडते. भागोजी नाईक हा भिल्ल समाजातील वजनदार पुरुष एके काळी अहमदनगरच्या पोलिसांत अंमलदार होता. १८५५ साली दंगा व पोलिसांस अडथळा या आरोपांखाली त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागण्यात आला. आणि ती मुदत सरते न सरते तोच हत्यारे काढून घेण्याचे हुकूम सुटले, तेव्हा हा माणूस गाव सोडून पन्नासेक भिल्लांसह पुणे-नाशिक रस्त्यावर नजर राहील अशा जागी डोंगरात जाऊन बसला. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याला पकडण्यास गेलेला पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री तेथेच गोळी लागून ठार झाला. पुढे दोन वर्षे भागोजी हाती लागला नाही. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नरकडील मिठसागरे येथे फ्रँक साउटरच्या तुकडीने त्याला गाठले आणि तो लढता लढता पडला. हाच साउटर १८६४ साली मुंबईचा पोलीस कमिशनर झाला.

या हकिगतीत शिपाई कोण आणि दरोडेखोर कोण, याची सरमिसळ नजरेआड करण्याजोगी नाही. बंडवाला हा माजी पोलीस. आणि बंड मोडण्यासाठी सरकारने कॅप्टन नटॉलच्या हाताखाली जी पलटण उभारली ती महादेव कोळ्यांची, म्हणजे ज्यांच्या राघोजी भांगऱ्याला अवघ्या नऊ वर्षांपूर्वी, १८४८ साली, ठाण्यात फाशी दिले होते त्याच जमातीची. भागोजीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळजवळ सारे त्याच्यावर चालून गेलेल्यांनी लिहिलेले आहे. त्यांच्या लेखी तो दरोडेखोर. सिन्नरच्या पट्ट्यात तो क्रांतिवीर. त्याच्या बाजूचा कारकून त्या डोंगरात कोणी नव्हता.

ज्या सरकारला माणसामाणसाचा हिशेब ठेवणे जड गेले, त्याने मग जातींचा हिशेब ठेवण्याची सोय काढली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अमुक जमातीत जन्मला तो गुन्हेगार, असे ठरवण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला. १९११ साली हा कायदा अधिक कडक व व्यापक झाला. हजेरी, पास, तारेच्या कुंपणातील वसाहत असा त्याचा संसार सोलापुरासारख्या ठिकाणी मांडला गेला. मुंबई इलाख्यातील पोलिसांचे वरिष्ठ अधिकारी केनेडी यांनी १९०८ च्या सुमारास या ‘गुन्हेगार वर्गां’विषयी एक जाडजूड पुस्तक सिद्ध केले. त्यात प्रत्येक जमातीची वेषभूषा, सांकेतिक बोली, घरफोडीची हत्यारे यांची वर्णने अशा तटस्थ तपशिलाने दिलेली आहेत, की वाचणाऱ्यास क्षणभर आपण पक्ष्यांविषयीचा ग्रंथ वाचत आहोत असा भास व्हावा. युरोपात त्याच सुमारास लोम्ब्रोसो हा इटालियन पंडित कवटीच्या मापावरून जन्मजात गुन्हेगार ओळखू पाहत होता. आपल्याकडे त्या शास्त्राला कवटी मोजण्याचीही तसदी घ्यावी लागली नाही, जातीचे नाव पुरले. हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पोलिसी शिरस्त्यातून तो किती रद्द झाला, हे ज्याला पाहायचे असेल त्याने लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ वाचावे.

ही पोलिसी विद्या शिकवण्याची शाळाही नाशिकलाच यावी हा योगायोग. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यात निघालेली पोलीस प्रशिक्षण संस्था १९०९ साली नाशिकला हलली आणि आज महाराष्ट्र पोलीस अकादमी या नावाने त्र्यंबक रस्त्यावर नांदते आहे. राज्याचे फौजदार येथूनच घडून निघतात. ज्या वर्षी ती आली त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला, विजयानंद नाट्यगृहात, जिल्ह्याच्या कलेक्टराचा खून झाला.

आर्थर जॅक्सन हा संस्कृत जाणणारा गोरा अधिकारी. त्याला लोक ‘पंडित’ म्हणत, आणि लोककथा, समजुती, व्रतवैकल्ये यांची माहिती गोळा करण्याचा त्याला छंद होता. मुंबईला बढतीवर बदली झाल्याने त्याच्या निरोपाप्रीत्यर्थ किर्लोस्कर मंडळीच्या ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग ठरला होता. औरंगाबादेस चित्रकला शिकणारा, मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातील अनंत लक्ष्मण कान्हेरे त्या गर्दीत ब्राउनिंग पिस्तूल घेऊन उभा होता. जॅक्सनने बाबाराव सावरकरांना खटल्यासाठी वर पाठवले होते आणि बाबारावांना काही कवितांपायी त्या वर्षीच्या जून महिन्यात जन्मठेप झाली होती, हा राग ताजा होता. पिस्तूल लंडनहून आलेल्या वीसांपैकी एक. विनायक दामोदर सावरकरांनी इंडिया हाउसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्याकरवी ती वीस पिस्तुले पेटीच्या चोरकप्प्यातून धाडली होती. कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे या तिघांचा खटला १९०८ च्या खास कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे, ज्यूरीवाचून चालला आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघे फासावर गेले. खुनापासून फाशीपर्यंत चार महिनेही लागले नाहीत.

स्वयंपाकी चतुर्भुज पुढे माफीचा साक्षीदार झाला. ही मोठी चमत्कारिक संस्था आहे: ज्याचे हात माखलेले त्यालाच सरकार क्षमा करते, अट एवढीच की त्याने इतरांचे हात दाखवावेत. धर्मशास्त्राला हे प्रायश्चित्त पटणारे नव्हते. कायद्याचे मात्र त्यावाचून पुष्कळदा अडते.

जॅक्सनच्या माघारी त्याच्या संग्रहातील टिपणे एन्थोव्हेन या त्याच्या सहकाऱ्याने संपादून १९१४-१५ च्या सुमारास दोन खंडांत छापली. गावोगावच्या शाळामास्तरांनी पाठवलेल्या भुताखेतांच्या, झाडांच्या, ग्रहणांच्या समजुती त्यांत आहेत, आणि त्यांपैकी दुसरा खंड कोकणाचा, म्हणजे कान्हेऱ्याच्याच मुलखाचा. इकडे त्र्यंबक नाक्याच्या बाजूला गोल्फ क्लबचे जे मैदान होते ते आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. तेथे रणजी करंडकाचे सामने होतात. इंग्रजांच्या निकालपत्रात जो खुनी होता तो महापालिकेच्या पाटीवर हुतात्मा आहे. पाटी बरोबर आहे असेच माझे मत. तथापि ठार झालेला माणूस त्या मुलखाच्या गोष्टी जपून ठेवणारा होता, हे सांगितल्याने हौतात्म्याला उणेपणा येतो असे मला वाटत नाही. आणि आमच्याकडे ते सांगायला लोक उगाच कचरतात.

आता कागदाच्या खऱ्या घरी येऊ. नाशिकरोडचे सरकारी मुद्रणालय १९२० नंतरच्या दशकात उभे राहिले आणि तोवर लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येणारी हिंदुस्थानची तिकिटे येथे छापली जाऊ लागली; पाठोपाठ नोटांचा छापखाना आला. तिकीट, नोट, मुद्रांक, ज्या कागदावर सरकारचा शब्द चालतो तो पुष्कळसा कागद या गावच्या कामगारांच्या हातून गेलेला आहे. मुद्रांक म्हणजे काय, हे ज्याने कचेरीबाहेरील विक्रेत्याच्या टेबलाशी उभे राहून पाहिले आहे त्याला निराळे सांगणे नको. डोक्यावर छत्री, पुढ्यात जाड नोंदवही, बोटाला शाईचा डाग. विक्रेता कोरा कागद उलटा करतो, पाठीवर अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि कारण लिहितो, शिक्का उमटवतो, वहीत सही घेतो. त्या क्षणापर्यंत कोरा असलेला कागद मग घराची, शेताची, भाऊबंदकीची साक्ष देऊ लागतो. कागद खोटा निघाला तर वर लिहिलेले सारे खरे असूनही लटके पडते.

अब्दुल करीम तेलगीने नेमके हेच मर्म हेरले. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, लहानपणी रेल्वे स्टेशनवर फळे विकलेला हा माणूस १९९४ साली मुंबईत मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवतो, नाशिकच्या मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रे पदरात पाडून घेतो, आणि छापलेले मुद्रांक बँका, विमा कंपन्या यांच्यासारख्या घाऊक गिऱ्हाइकांना विकतो. यंत्रे मोडीत गेली ती तोडून भंगार म्हणून जायला हवी होती. ती चालू स्थितीत बाहेर पडली, येथे सारे आले. रहस्यकथेतला खलनायक तिजोरी फोडतो. तेलगीला दार उघडेच सापडले, आणि ते उघडे ठेवणाऱ्यांची संख्या एका माणसाच्या चातुर्याने उलगडणारी नव्हती. घोटाळ्याचे आकडे वर्तमानपत्रांतून हजारो कोटींत उड्या मारत राहिले, त्यांवर मी तरी भरवसा ठेवीत नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये तो अजमेरला पकडला गेला. २००३ साली विशेष तपास पथकाने हात घातला तेव्हा मुंबईचे माजी पोलीस आयुक्तही अटकेत गेले आणि पुढे दोषमुक्त झाले. २००७ साली विशेष न्यायालयाने तेलगीला ३० वर्षे सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड ठोठावला. पेशव्यांच्या कारकुनाने ही ‘गुन्हेगारी’ कोणत्या खात्यावर जमा धरली असती, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो बंगळुरात वारला. नाशिकहून रेल्वेने जाणाऱ्या मुद्रांकांच्या चोरीच्या प्रकरणात येथील न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोषत्वाचा निकाल दिला तो २०१८ च्या अखेरच्या दिवशी. तेव्हा मुख्य आरोपीला जाऊन वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

एका प्रकरणाविषयी मला थोडक्यातच लिहायचे आहे, कारण त्याच्या तपशिलात रमणे हेच मुळी अशोभनीय आहे. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे व सीमा गावित या १९९० ते १९९६ या काळात जत्रा, मंदिरे, बसस्थानके अशा गर्दीत पाकिटमारी करीत. कडेवर मूल असले की पकडणाऱ्या जमावाची कीव जागी होते, हे ध्यानी आल्यावर त्यांनी दुसऱ्यांची मुले पळवली, आणि निरुपयोगी झाली ती मारली. तेरा अपहरणांचे आणि नऊ खुनांचे आरोप ठेवले गेले. प्रकरण फुटले ते नाशिकात, अंजनाबाईने आपल्या सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारावर सूड उगवला त्यातून. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटल्याआधीच मेली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. कारण? दयेचा अर्ज निकालात निघण्यास लागलेली सुमारे आठ वर्षे; कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर विनाकारण रेंगाळला, असे न्यायालयास आढळले. कान्हेऱ्याच्या वेळी दप्तराला चार महिने जास्त वाटले होते.

नाशिकच्या अकादमीतील प्रशिक्षणार्थींना आता १८६० च्या दंडसंहितेऐवजी १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता पाठ करावी लागते. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, आणि आमच्या बोलीतून ‘तीनशे दोन’ जायला मात्र पिढी लागेल. जुनी दप्तरे हळूहळू संगणकात चढत आहेत. सरकारची बाजू अशी सुरक्षित होईल. परंतु नांदूर शिंगोटे, मिठसागरे, त्र्यंबक, पेठ या बाजूंच्या घरांत आजीआजोबांच्या तोंडी अजून ज्या हकिगती आहेत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जे जुने दाखले, पावत्या, जामीनकतबे असतील, ते कोणत्याही दप्तरात नाहीत. या अंकाच्या वाचकांपैकी कोणाकडे असे काही असेल, तर त्याने ते वाळवीच्या हवाली न करता निदान एक प्रत काढून नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात आणून द्यावी. आणि ज्यांच्या घरी कागद नाही पण सांगणारे माणूस आहे, त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीतच वही घेऊन त्याच्यापाशी बसावे.