आधी यादी, मग खुर्ची

मंत्रिपद चालून आलं, तर आपण आधी पेढे वाटू. अमेरिकेच्या फ्रान्सिस पर्किन्स यांनी आधी कामांची यादी पुढे केली: किमान वेतन, कामाचे ठरलेले तास, म्हातारपणी पेन्शन, बालमजुरीला बंदी. अध्यक्ष रूझवेल्ट ‘हो’ म्हणाले, तेव्हाच १९३३ मध्ये त्या कामगारमंत्री झाल्या. तिथल्या मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री!

या यादीमागे एक आग होती. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ जीव गेले. बहुतेक शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली. बाहेर पडायच्या एका दाराला चक्क कुलूप! खिडक्यांतून उड्या टाकणाऱ्या मुली पर्किन्सबाईंनी स्वतः पाहिल्या.

पण त्या नुसत्या हळहळत बसल्या नाहीत. १९३५ च्या कायद्याने पेन्शन आणि बेकारी भत्ता आला. १९३८ च्या कायद्याने ताशी किमान २५ सेंट मजुरी ठरली, बालमजुरीला लगाम बसला. बारा वर्षं त्यांनी ते पद सांभाळलं.

मला त्यांची ती यादीच फार भावते. मैत्रिणींनो, आज आपल्यातल्या कितीतरी जणी सरपंच, नगरसेविका होतात. सत्काराचा हार गळ्यात पडण्याआधी आपली यादी तयार असते का?