शब्द कळले नाहीत म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो, तान्ह्या बाळाला झोपवताना आपण काय गातो, ते कधी नीट ऐकलंय का? सुरुवात होते एखाद्या अंगाईने. दोन ओळी झाल्या की पुढचे शब्द आठवत नाहीत. मग नुसतं 'जो जो', 'हां हां', नाहीतर तोंडाला येतील ते बोल. त्यांना अर्थ काही नसतो, पण बाळाला नेमकं कळतं आणि ते झोपी जातं!

आज ज्या अल्बमची ओळख करून द्यायची आहे, तो ऐकताना हीच आठवण होते. त्याचं नाव 'हेवन ऑर लास वेगास', म्हणजे 'स्वर्ग की लास वेगास'. एकीकडे खराखुरा स्वर्ग आणि दुसरीकडे जुगाराच्या अड्ड्यांचं ते झगमगतं अमेरिकन शहर! सप्टेंबर १९९० मध्ये तो इंग्लंडात निघाला. वाद्यवृंदाचं नाव 'कॉक्टो ट्विन्स'. ट्विन्स म्हणजे जुळी, पण माणसं मात्र तीन. एलिझाबेथ फ्रेझर गाणारी, रॉबिन गथ्री गिटारवर आणि सायमन रेमंड बास गिटार व पियानोवर.

"इंग्रजी गाणी? छे बाई, आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणून पान उलटू नका. गंमत अशी की, एलिझाबेथची गाणी खुद्द इंग्रजांनाही धड कळत नाहीत! परक्या भाषांच्या पुस्तकांतून, अर्थ ठाऊक नसलेले शब्द केवळ त्यांच्या नादासाठी ती वेचून घेई. आपल्याकडे तराण्यात 'तोम् तनन', 'दिर दिर' असे बोल असतात. त्यांचा अर्थ कोणी विचारतं का? तसंच हे समजा.

आता या संगीताची घडण थोडी समजून घेऊ. या तिघांत ड्रम वाजवणारा कोणी नव्हताच. ठेका धरायला होतं ड्रम मशीन. गाण्याचा रियाज चालतो त्या घरी इलेक्ट्रॉनिक तबला असतो ना? बटण दाबलं की तीनताल सुरू. फरक एवढाच की, इथे ठेका आधी आपला आपण बसवून ठेवायचा. यंत्राचा ठेका म्हणजे घड्याळासारखा नेमका, न दमणारा. थोडा कोरडासुद्धा.

पण त्यावर रॉबिनची गिटार येते. तिचा सूर तो उपकरणांतून असा काही फिरवतो की, एका सुराचे अनेक सूर होतात, लांबतात, एकमेकांत मिसळतात. देवळात घंटा वाजवून हात खाली घेतला तरी गाभाऱ्यात नाद घुमत राहतो, तशी ही गिटार घुमते. मोगऱ्याच्या गजऱ्यात दोरा दिसत नाही, पण तो नसेल तर फुलं ओघळून जातील. इथे यंत्राचा ठेका हा दोरा आणि गिटारीचे सूर ही फुलं. या अशा धूसर, तरंगत्या संगीताला 'ड्रीम पॉप' म्हणतात.

हे सूर कानी पडले की वाटतं, किती सुखी घरात जन्मली असतील ही गाणी! इथेच खरी गोष्ट सुरू होते.

एलिझाबेथ आणि रॉबिन हे स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथ या कारखान्यांच्या गावचे. गाण्यात जोडीदार आणि संसारातही जोडीदार. १९८९ मध्ये त्यांना मुलगी झाली. लंडनला टेम्स नदीकाठी त्यांचा स्टुडिओ होता. तिथे हा अल्बम तयार होत होता, तेव्हा पदरात तान्हं मूल होतं आणि रॉबिन कोकेनच्या व्यसनात पुरता अडकलेला होता. सायमनचे वडील, संगीतकार आयव्हर रेमंड, याच काळात वारले. अल्बमच्या शेवटच्या गाण्यातला पियानोचा भाग सायमनने वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी रचला.

अशा दिवसांत एलिझाबेथच्या गाण्यात बदल झाला. इतकी वर्षं अनोळखी बोलांच्या पदराआड लपलेली ही बाई आता थोडी उघड बोलू लागली. पूर्वीपेक्षा शब्द स्पष्ट ऐकू येतात. 'पिच द बेबी' हे गाणं तर बाळाच्या जन्माचंच. घरात काळजी होती, पण कुशीत आनंदही होता, आणि तिने तो आनंद गायला.

गाण्याने संसार सावरला, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. अल्बम इंग्लंडच्या यादीत ७ व्या क्रमांकापर्यंत चढला, तरी तो काढणाऱ्या कंपनीशी असलेला संबंध लवकरच तुटला. रॉबिनने पुढे व्यसनावर उपचार घेतले. १९९३ मध्ये ती दोघं वेगळी झाली. तरी एकत्र काम चालू राहिलं, ते १९९७ पर्यंत. एलिझाबेथचा आवाज त्यानंतरही थांबला नाही. १९९८ मध्ये 'मॅसिव्ह अटॅक' या दुसऱ्या वाद्यवृंदासाठी तिने गायलेलं 'टिअरड्रॉप' खूप गाजलं.

म्हणून गाणं कुणाचं घर वाचवतं, असा भाबडा उपदेश नको. पण घर विस्कटत असतानाही मनातला एखादा कोपरा स्वच्छ, उजळ ठेवता येतो, एवढं मात्र या १० गाण्यांतून पटतं. आपणा बायकांना हे काय वेगळं सांगायला हवं?

आता ऐकायचं कसं? दुपारची आवराआवर झाली की मुलांना सांगा, फोनवर लावून देतील. आवाज बेताचा ठेवा. पहिल्या वेळी शब्द शोधू नका, नुसते सूर अंगावरून जाऊ द्या. सगळा अल्बम ४० मिनिटांच्या आत संपतो. कंटाळा आला तर निदान अल्बमच्या नावाचं गाणं ऐका. मग दुसऱ्या दिवशी कणीक मळताना पुन्हा लावा. चाल ओठांवर आली आणि शब्द सुचले नाहीत, तर खुशाल मनचे बोल घाला.

बाळाला झोपवताना नाही का घालत?