गणवेश आणि पदवी

बारावीचा निकाल हाती आल्यावर घरोघरी जो खल चालतो, त्यात ‘पोरगा लष्करात गेला की शिक्षण सुटले’ असे कोणी वडीलधारे गृहस्थ ठामपणे सांगतात. परंतु खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीपुरते तरी हे विधान सर्वस्वी निराधार आहे, कारण तेथील तीन वर्षांच्या अखेरीस छात्राला जी पदवी मिळते ती दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असते.

‘तिथे छाती लागते, डोके नव्हे’ ही समजूत तर अधिकच चिवट. लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत गणितास 300 आणि सामान्य क्षमतेस 600 गुण असतात. तितकेच, म्हणजे 900 गुण, निवड मंडळाच्या मुलाखतीस राखलेले असतात, आणि पाच दिवसांच्या त्या मुक्कामात एकेक चित्र अवघे तीस सेकंद दाखवून त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहावयास सांगतात. बारावे चित्र कोरे असते; तेथे उमेदवाराने काय पाहावे, हा सर्वस्वी त्याचा प्रश्न. स्थलसेनेसाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते हे खरे, पण नौदल व वायुदलास विज्ञान शाखेचे विषय लागतात, आणि गणिताच्या पेपरातून कला शाखेच्या विद्यार्थ्यासही सुटका नाही.

सर्वांत अनर्थकारक घोटाळा मात्र ‘भरती’ आणि अधिकारपद यांची सरमिसळ करण्यात आहे. 2022 साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत रुजू होणारा जवान चार वर्षांच्या मुदतीने घेतला जातो. त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात, आणि उरलेल्यांस सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. या नोकरीस ‘कायमची सरकारी’ म्हणून मुलाच्या सोयरिकीत मिरवणे म्हणजे, माझ्या मते, समोरच्या घराची फसवणूकच होय.

कॉलेजात गेल्याने दरवाजे बंद होतात हेही खरे नव्हे: पदवीधरांसाठी संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा आहे, आणि एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र व पदवीला पुरेसे गुण असल्यास लेखी परीक्षेवाचूनही मुलाखतीस बोलावणे येऊ शकते. मुलींना प्रबोधिनीत मज्जाव आहे, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर कालबाह्य झाली. 2022 साली दाखल झालेल्या पहिल्या तुकडीतील सतरा जणी मे 2025 मध्ये उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या.

शेवटी खर्चाचा मुद्दा. प्रबोधिनीतील प्रशिक्षणाचा भार सरकार उचलते म्हणून ते विनाअट फुकट आहे असे मानणाऱ्या पालकांनी प्रवेशाच्या वेळी जे बंधपत्र लिहून द्यावे लागते ते सावकाश वाचावे, कारण छात्र आपल्या मर्जीने मध्येच बाहेर पडला तर त्या खर्चाची वसुली होऊ शकते, आणि त्या कागदावर सही पालकांचीही असते.