मांडीतल्या रॉडची मुदत

नगर रस्त्यावरचं वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आलं, पण त्याआधी कित्येक वर्षं या गावाची ओळख दगडखाणी आणि क्रशर अशीच होती. खडीचे डंपर, औद्योगिक वसाहतींकडे निघालेले ट्रेलर आणि त्यांच्यामधून वाट काढणारे दुचाकीस्वार, सगळे एकाच रस्त्यावर. मांडीचं हाड शरीरातलं सर्वांत लांब आणि मजबूत. धडधाकट तरुणाचं हे हाड मधोमध मोडायला अशा रस्त्यावरची जबर धडकच लागते. मोडलं की मांडीच्या आतल्या आत लिटरभर किंवा जास्त रक्त साचू शकतं. मग ऑपरेशन होतं, रुग्ण घरी येतो आणि भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "रॉड कुठल्या कंपनीचा टाकला?" मोडक्या हाडाची जागा आता धातूने घेतली, तेव्हा धातू जितका जाड आणि महाग तितका पाय पक्का, अशी समजूत त्या प्रश्नामागे असते. माझ्या मते ही समजूत उलटी आहे. हाड जुळेपर्यंत भार वाटून घ्यायचा, एवढंच रॉडचं काम, आणि त्या कामाला मुदत असते.

रॉड कुठे बसतो, यातच त्याचं बहुतेक गुपित आहे. मांडीचं हाड आतून पोकळ असतं. 1939 साली जर्मनीतल्या कील शहरात गेरहार्ड कुंट्शर यांनी त्या पोकळीत स्टीलची लांब सळई घालून हाड सांधलं. पायाला वजन टांगून दोन-तीन महिने खाटेवर पडून राहायचं, हाच तेव्हाचा रूढ उपाय होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत उपचार झालेले युद्धकैदी मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या मांडीचे एक्स-रे पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चक्रावले. यामागचं यंत्रशास्त्र मात्र साधं आहे. चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. खुब्याचा गोळा हाडाच्या आतल्या अंगाला असल्याने हाड वाकू पाहतं: बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. बाहेरून स्क्रूने बसवलेली प्लेट भाररेषेपासून, म्हणजे भार ज्या रेषेने खाली उतरतो तिच्यापासून, दूर असते, आणि आतल्या बाजूचा चुरा झालेला असेल तर वाकवणारं सगळं बळ तिच्या एकटीवर येतं. पोकळीतला रॉड भाररेषेच्या जवळ असतो. हाडाची टोकं एकमेकांना टेकलेली असली की दाब हाडातून हाडात जातो आणि रॉडला मुख्यतः वाकणं आवरावं लागतं.

प्लेट लावताना तुकडे डोळ्यांसमोर नेमके जुळवता येतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे, फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात शिरलं असेल तर ते निर्णायकही ठरतं. पण हाडाच्या मधल्या भागात लांबी, सरळपणा आणि पावलाची दिशा बरोबर आली की पुरतं. त्यासाठी मांडी उघडून तुकड्यांचा रक्तपुरवठा तोडण्यापेक्षा खुब्याजवळच्या छोट्या छेदातून, सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत रॉड सरकवणं बरं. रॉडसाठी पोकळी कोरून रुंद करताना आतला रक्तपुरवठा बिघडतो, हा दुसरा आक्षेपही खोटा नाही. मात्र हाडावरच्या आवरणाकडून होणारा पुरवठा शाबूत राहतो आणि बरीचशी भरपाई करतो. अमेरिकेतल्या सिएटलमधून 1984 साली या पद्धतीच्या 520 फ्रॅक्चरचा अहवाल आला. 99 टक्के हाडं जुळली होती.

आता जाडीकडे येऊ. भरीव रॉडचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 10 मिलिमीटरऐवजी 12 मिलिमीटरचा रॉड घेतला तर तो दुपटीहून जास्त ताठ होतो. मग सगळ्यांना 12 का नको? एक तर लहान चणीच्या माणसाची पोकळीच अरुंद असते. शिवाय मांडीचं हाड पुढे किंचित बाकदार असतं. त्या बाकाची त्रिज्या सरासरी 120 सेंटिमीटरच्या आसपास, आणि बरेच रॉड त्याहून सरळ. फार ताठ, फार सरळ रॉड दामटला तर त्याचं टोक गुडघ्याच्या वर हाडाच्या पुढच्या भिंतीला जाऊन भिडतं. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मोडलेल्या जागी अगदी थोडी हालचाल राहिली तरच नव्या हाडाचा गुठळा धरतो. टायटॅनियमचा मिश्रधातू स्टीलच्या जवळपास निम्माच ताठ असूनही चालतो, तो याचमुळे.

कुंट्शर यांच्या सळईची उणीव होती ती पकडीत. ती फक्त पोकळीच्या अरुंद भागात घट्ट बसे. हाडाचा चुरा झाला असेल तर पाय आखूड व्हायचा किंवा फिरायचा. 1970च्या दशकात रॉडच्या दोन्ही टोकांतून आडवे स्क्रू घालायची सोय झाली आणि ही अडचण सुटली. अर्थात टोकं टेकलेली नसतील तेव्हा सुरुवातीला सगळा भार रॉड आणि स्क्रूच वाहतात, हे कबूल केलं पाहिजे. आणि धातू थकतो. तार एकदा वाकवून तुटत नाही, पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, रॉडचंही तसंच. चालत्या माणसाच्या एका पायावर वर्षाला साधारण दहा लाख वेळा भार पडतो. स्क्रूचं भोक हा रॉडचा सर्वांत कमजोर भाग, आणि फ्रॅक्चर त्या भोकाच्या जवळ असेल तर धोका वाढतो. म्हणून रॉड तुटला की लगेच "माल निकृष्ट होता" म्हणणं घाईचं ठरतं. कधी तसं असेलही, पण बहुधा हाड जुळलेलं नसतं आणि धातू मुदतीबाहेर राबत असतो.

मग हाड जुळेपर्यंत पाय टेकूच नये का? तसंही नाही. चुरा झालेल्या हाडातही 12 मिलिमीटरचा रॉड आणि खाली दोन स्क्रू असतील तर लगेच वजन टाकता येतं, हे बाल्टिमोरच्या शल्यविशारदांनी 1999 साली दाखवलं. तुमच्या पायाला ते लागू आहे की नाही, हे फ्रॅक्चरची जागा आणि रॉडची जाडी पाहून डॉक्टरच ठरवतील.

राहिला कंपनीचा प्रश्न. असे इम्प्लांट रत्नागिरी जिल्ह्यात देवरुखजवळच्या साडवलीतही बनत आले आहेत. तिथल्या अॅडलर मेडिइक्विपला 2013 साली स्मिथ अँड नेफ्यू या ब्रिटिश कंपनीने विकत घेतलं, म्हणजे परदेशी नावालाही इथलं काम चाललं. तेव्हा नावापेक्षा मुदतीकडे लक्ष द्यावं. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राने मे 2025 मध्ये रोखरहित उपचारांची योजना आणली. दीड लाख रुपयांपर्यंत आणि सात दिवस. सात दिवसांत रॉड बसतो, पण हाड जुळायला चार-सहा महिने लागतात, आणि त्या काळातले एक्स-रे खिशातून काढावे लागतात म्हणून टाळले जातात. ते टाळू नका, विडी-सिगारेट सोडा, आणि मांडी शांत झाल्यावर वजन टाकताना पुन्हा दुखू लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.