नोकरी सांभाळून गेम डिझाइन करता येतं
मुलगा फायनान्सच्या नोकरीत लागला, पण रात्री गेम बनवत बसतो, ही अनेक अम्मी-अब्बांची काळजी. अशा घरांना आम्ही जर्मनीच्या राइनर क्निझिया यांचं उदाहरण देऊ. गणितात डॉक्टरेट केलेल्या या माणसाने बँकिंगची नोकरी करतच बोर्ड गेम रचले. लिलावावरचा त्यांचा 'मॉडर्न आर्ट' १९९२ साली आला. पूर्णवेळ गेम डिझाइन १९९७ पासून. म्हणजे सब्र हवा. आकडेमोडीची सवय खेळातले गुण, किंमत, नफा-तोटा जुळवायला कामी येतेच.

दोन गोष्टी मात्र पाळा. जोडकामाला कंपनीची लेखी परवानगी घ्या. पैसे लावून खेळायचा गेम बनवू नका. तो जुगार, म्हणून हराम. २०२५ च्या केंद्रीय कायद्यानेही असे ऑनलाइन खेळ बंद केलेत. एवढं सांभाळत असेल, तर पोराला अडवू नका.