जुनी तबकडी टाकूं नये

ग्रंथांप्रमाणें चित्रपटांच्या तबकड्या जमविणें हाहि एक व्यासंगच होय. परंतु विक्रेते संग्राहकाचा अंत पाहतात, असें आम्हांस वाटतें. अमेरिकेंत १९९७ सालीं डीव्हीडी आली, २००६ सालीं ब्लू-रे, २०१६ सालीं फोर-के. दर वेळीं तेंच चित्र पुन्हां विकत घ्यावयाचें! आणि तें तेंच असतें काय? ‘स्टार वॉर्स’चें १९७७ चें मूळ रूप २००६ सालीं डीव्हीडीसोबत जादा तबकडी म्हणून मिळालें, २०११ च्या ब्लू-रे संचांत मात्र फेरफार केलेलेंच आलें. वेष्टनाची तऱ्हा निराळीच. ब्लू-रेचा माहितीचा थर पृष्ठभागाखालीं अवघा ०.१ मिलिमीटर, तरी कित्येक संचांत ती पुठ्ठ्याच्या घट्ट खांचेंत कोंबलेली! म्हणून वाचकांस आमची सूचना एवढीच कीं, नवी आवृत्ति अवश्य घ्यावी, पण जुनी टाकूं नये. मूळ कृति कदाचित् तींतच उरलेली असेल.