एकच पॅड आधी का झिजतो?

गाडी सर्व्हिसिंगहून परत येते, बिलात ‘पुढचे ब्रेक पॅड बदलले’ अशी एक ओळ असते आणि विषय तिथेच संपतो. जुने पॅड तोवर भंगारात गेलेले असतात. पण एकाच चाकावरचा एक पॅड पत्र्यापर्यंत उतरला असेल आणि त्याच्या समोरचा निम्मा शिल्लक असेल, तर दोष बहुतेक वेळा पॅडचा नसतो, आणि तो शोधायचा सर्वांत चांगला पुरावा आपण फेकून दिलेला असतो. नवे पॅडही मग तसेच एकांगी झिजतात. ‘तुम्ही ब्रेक फार मारता’ हे यावरचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही. ब्रेक ऑइलसारख्या बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवणारा माणूस पॅड लवकर संपवील, पण पुढच्या दोन्ही चाकांचे चारही पॅड साधारण सारखेच संपवील. गाडी घसरू नये म्हणून आजकालची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते हे खरं, पण त्याच चाकाच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडमध्ये भेद करणं तिलाही जमत नाही. म्हणजे फरक पडतो तो दाब पोचल्यानंतर, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून आणतो. पाय उचलला की पिस्टनभोवतीचं पिळलेलं रबरी सील मूळ आकारात येतं आणि पिस्टनला जेमतेम केसाएवढं मागे घेतं. ब्रेक सुटण्याची सगळी भिस्त या रबरावर आणि ग्रीस लावलेल्या दोन पिनांवर असते. पिनेवरचा रबरी बूट फाटला, पावसाळ्यात आत चिखलपाणी गेलं, की पिन गंजून अडकते. कॅलिपर सरकत नाही, काम आतल्याच पॅडवर पडतं आणि तो आधी संपतो. पिस्टन नीट मागे जात नसेल तरीही हेच होतं. बाहेरचा जास्त झिजला असेल, तर कॅलिपर आत येतो पण परत जात नाही, असं समजावं. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल, तर एक पिन मोकळी आणि दुसरी जाम असण्याची शक्यता मोठी.

एकाच बाजूचे दोन्ही पॅड संपले असतील तर जरा थांबून विचार करावा लागतो. कधी ती बाजू ब्रेक धरून ठेवत असते; कधी दुसऱ्या बाजूचा कॅलिपर कामच करत नसतो, आणि ज्याचे पॅड जाड दिसतात तेच चाक आजारी असतं. धरून ठेवणारं चाक ओळखायला एक चांगली चाचणी आहे. गाडी जॅकवर घेऊन ब्रेक दाबून सोडायचा. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा निपल थोडा सैल करायचा. ऑइल दाबाने बाहेर येऊन चाक मोकळं झालं, तर दाब मागे, बहुधा आतून फुगलेल्या रबरी होजमध्ये, अडकला आहे. तरीही चाक जामच राहिलं, तर पिस्टन किंवा पिना तपासायच्या. नंतर हवा काढून ऑइल भरणं आलंच, म्हणून हे मेकॅनिककडूनच करून घ्यावं.

आतला पॅड थोडा जास्त झिजतोच, असं मेकॅनिक सांगतात, आणि ते बरोबर आहे. एखाद्या मिलिमीटरचा फरक सोडून द्यावा. पण नव्या पॅडवर घासणारा थर साधारण 10 मिलिमीटरचा असतो आणि 3 मिलिमीटर उरला की तो बदलण्याची वेळ येते. त्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक किरकोळ नाही. ‘पॅड स्वस्त आहेत, लवकर बदलू’ या म्हणण्यात धोका आहे, कारण अलॉय चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. तो जाड दिसतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि आतला मात्र डिस्कवर लोखंड घासत असतो. झिजल्यावर किंचाळणारी पट्टीही अनेक गाड्यांत चाकाच्या एकाच पॅडला असते. दुसरा आधी संपला तर ती गप्पच राहते.

दुरुस्तीत ग्रीस महत्त्वाचं. हाताशी असलेलं साधं खनिज तेलाचं ग्रीस पिनांना लावलं तर रबर फुगतं आणि काही महिन्यांत पिन पुन्हा अडकते. तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच हवं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि पिस्टनला आतून गंज चढवतं, म्हणून अनेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. पुढच्या सर्व्हिसिंगला चारही जुने पॅड डावा-उजवा, आतला-बाहेरचा अशी खूण करून परत मागा आणि पिना हाताने सरकतात का, ते समोर उभं राहून पाहा.